पाणमांजराची मावशी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

काम मिळालं. शांपू, मसाले आणि गुडघेदुखीचं तेल यांना आयुष्यभर मराठीत बोलायला लावल्यावर आता पहिल्यांदा एक अख्खी मालिका माझ्या हाती आली आहे. लहान मुलांचं कार्टून. मूळ इंग्रजी, मराठी संवाद माझे. नायिका पाणमांजर.

पाणमांजर मी जन्मात पाहिलेलं नाही. आमच्या डोंबिवलीत कारखान्यांच्या बाजूने जो नाला वाहतो त्यात एखादं पडलंच तर बाहेर येईपर्यंत त्याचा रंग बदललेला असेल. पण हे परदेशी आहे. स्वच्छ डोहात राहतं आणि मासा खाण्याआधी त्याला सॉरी म्हणतं.

रेकॉर्डिंग ठाण्याला, रॉड्नीच्या स्टुडिओत. रॉड्नी माझा जुना मित्र. निम्मं आयुष्य फोम लावलेल्या खोलीत काढल्यामुळे तो फार कमी बोलतो. मराठी नाव चॅनलने आधीच ठरवून पाठवलंय, 'डोहाकाठी धमाल'. ज्याने ठरवलं त्याला त्याच डोहाकाठी नेऊन मागून हळूच धक्का द्यावासा वाटतो.

उत्तराला सांगितलं. बायको म्हणून तिला आनंद झाला, आणि लगेच तिने विचारलं, "पाणमांजर शाकाहारी करायला नाही ना सांगणार?"

गुरुवार, ९ जानेवारी

पहिले काही भाग पाहिले. पोरीचं नाव मी 'बुडबुड' ठेवलंय. गोड आहे, आगाऊ आहे. पण घोळ असा की तिला दोन आया आहेत.

आधी मला वाटलं एक आई आणि एक शेजारीण. तिसऱ्या भागात दोघी एकाच बिळात एकमेकींच्या शेपटीवर डोकं ठेवून झोपल्या, आणि पोरगी एकीला मम आणि दुसरीला ममा म्हणाली. वडील नाहीत. वारले असंही कोणी म्हणत नाही. कोणाला त्यांची आठवणसुद्धा येत नाही. हे जरा अतीच वाटलं. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला असं बघायला बरं वाटत नाही.

दुपारी चॅनलच्या सौमित्रचा व्हिडिओ कॉल. तिशीच्या आतला मुलगा, हुद्दा असा लांब की व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या बाजूला जात असेल. तो म्हणाला, हिंदीवाल्यांनी दुसरीला मौसी केलंय, आपण मावशी करू. पालकांच्या तक्रारी नकोत, दादा.

इथे लिहायला हरकत नाही, मला बरंच वाटलं. दोन आयांना हाक कशी मारायची हा माझा प्रश्न परस्पर सुटला. नाही तरी मराठीत नात्यांना काय तोटा? इंग्रजांना एका आंटीवर अख्खं खानदान चालवावं लागतं. आपल्याकडे मावशी, आत्या, काकू, मामी अशी भरलेली मांडणी आहे. त्यातली एक काढायची.

फक्त ही मावशी स्वतःच्या घरी का जात नाही, हा प्रश्न उरतो. पात्राची पाठ असली की ओठ दिसत नाहीत, तेव्हा त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. हा आमच्या धंद्यातला फायदा. चौथ्या भागात मावशी पाठमोरी मासे निवडत बसलेली आहे, तिथे मी घातलं, "तुझे काका दुबईहून आले की जाईन हो मी." सौमित्र खूश. मीही खूश. पाणमांजराचा नवरा दुबईला पाठवणारा मराठीतला मी पहिलाच लेखक असेन.

शनिवार, ११ जानेवारी

बुडबुडला आवाज मिळत नाही. ज्या मुली येतात त्या बिस्किटाच्या जाहिरातीतून आल्यासारख्या बोलतात. काल रात्री जेवताना उत्तरा म्हणाली, मायाला विचार ना.

माया माझी भाची, आठ वर्षांची. क्षिप्राने, माझ्या धाकट्या बहिणीने, तिला तान्ही असताना दत्तक घेतलं. लग्न केलं नाही, मूल मात्र एकटीने घेतलं. तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांशी तिच्या बाजूने भांडलो होतो. आमच्या घरात पुरोगामी कोण असं विचारलं तर बोट माझ्याकडेच येईल, निदान माझं तरी.

आज ठाण्यात बाळकुमला गेलो. क्षिप्रा तिथे डेल्फिनबरोबर राहते. डेल्फिन शाळेत गणित शिकवते. तिच्या वडिलांची तिथे वाडी होती, तिच्यावर टॉवर आला आणि त्यातला एक फ्लॅट हिला मिळाला. क्षिप्रा तिची रूममेट म्हणून आली ती चौदा वर्षं झाली, हललीच नाही. मला कधी कधी डेल्फिनची दया येते. स्वतःच्या घरात दुसऱ्याचं पोर, दुसऱ्याचा पसारा, आणि वर ती मलाही 'दादा' म्हणते. किती अगत्य.

घर छान ठेवलंय. एक खोली मायाची, एक बेडरूम मोठ्या पलंगाची. डेल्फिन कुठे झोपते कोण जाणे. हॉलमधला सोफा बहुतेक उघडत असावा.

मी मालिकेची गोष्ट सांगितली. दोन आयांचा घोळ मी कसा निस्तरला तेही सांगितलं, दुबईसकट. मला वाटलं होतं हसतील. डेल्फिन चहा टाकायला म्हणून आत गेली. चहा आधीच झालेला होता, आम्ही तो पीत होतो.

शेवटी क्षिप्रा नको म्हणणार तेवढ्यात डेल्फिन आतूनच म्हणाली, "मायाला करायचं असेल तर करू दे." मायाला करायचं होतं. ती पलंगाखाली शिरून पाणमांजराचे आवाज काढायला लागली होती. मला निघताना पाणी आणून दिलं, अगदी शहाण्यासारखं, आणि म्हणाली, "मामा, डेल्फिन मावशी विचारतेय, डबा देऊ का?" संस्कार चांगले आहेत.

मंगळवार, १४ जानेवारी

संध्याकाळी उत्तराचं हळदीकुंकू होतं, त्यामुळे मला घरातून बाहेर काढण्यात आलं. परत आलो तर क्षिप्रा आणि डेल्फिन अजून होत्या आणि उत्तरा दोघींना वाण देत होती. डेल्फिनच्या कपाळावर हळदीकुंकू. गळ्यात तिचा तो बारीक क्रॉस. उत्तराने दोघींना सारख्याच साड्याही दिल्या. मी नंतर म्हटलं, मैत्रिणीला एवढी भारी? उत्तरा माझ्यापुढे वाटी सरकवत म्हणाली, "तू तिळगूळ खा."

सोमवार, २० जानेवारी

पहिलं रेकॉर्डिंग. पोरगी जबरदस्त आहे. काचेपलीकडे स्टुलावर उभी, कानावर तिच्या डोक्याएवढे हेडफोन, आणि बोलायला लागली की पडद्यावरचं पाणमांजर ठाण्यात जन्मल्यासारखं वाटतं. शाळेतून सुटल्यावर डेल्फिन तिला घेऊन आलेली, बाहेर वह्या तपासत बसली.

सगळं सुरळीत चाललेलं. मग दुसऱ्या भागात बुडबुड दुसरीला हाक मारते ते वाक्य आलं, "मावशी, मला भीती वाटते." माया थांबली. माइकमधून विचारलं, "मामा, त्यांच्याकडे पाहुणे आलेत का?"

मी म्हटलं, नाही, बिळात तिघीच आहेत.

"मग ती मावशी का म्हणतेय?"

मी समजावलं, कारण ती तिची मावशी आहे. मायाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि वाक्य म्हटलं. बिनचूक, पण फार सभ्य. भीती वाटणारं पोर असं बोलत नाही. मी पुन्हा घ्यायला सांगितलं, तर आणखी सभ्य. तीन-चारदा घेतलं. शेवटी रॉड्नीने हेडफोन काढले आणि माझ्याकडे पाहिलं.

"कळलं?" त्याने विचारलं.

"काय?"

"काय नाय. जेवून घेऊ."

लहान मुलांच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. पाहुणे म्हणे. उत्तराला गंमत म्हणून सांगितली. ती हसली नाही.

बुधवार, २२ जानेवारी

दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही. मी संवाद लिहिणारा माणूस. पात्र असं का बोललं, हे ओळखण्यावर माझं पोट आहे. पाहुणे आले की मावशी म्हणायचं. मग पाहुणे नसताना काय म्हणायचं?

सकाळी दाढी करताना समजलं. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून स्वयंपाकघरात गेलो. उत्तरा पोळ्या करत होती. मी म्हटलं, "क्षिप्रा आणि डेल्फिन."

"हं."

"म्हणजे त्या दोघी."

"हं."

"तुला माहीत होतं?"

तिने पोळी उलटली. म्हणाली, "मला वाटलं तुलाही माहीत आहे आणि तू बोलत नाहीस. मला वाटायचं, निदान एवढी एक गोष्ट तरी या माणसाला पोटात ठेवता येते."

कधीपासून, तर म्हणे पहिल्यांदा बाळकुमला जेवायला गेलो तेव्हापासून. डेल्फिनने न विचारता क्षिप्राच्या ताटातली कोथिंबीर काढून स्वतःच्या ताटात घेतली होती. कोथिंबिरीवरून. मी चौदा वर्षं सोफा उघडतो की नाही याचा विचार करत होतो.

इथे खरं लिहितो, नाही तर ही वही कशाला. मला कसंसं झालं का? तपासून पाहिलं. थोडं झालं. नवीन ठिकाणी दिवा लावताना बटण सापडत नाही तसं. दुपारपर्यंत गेलं. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा आला आणि तो अजून गेलेला नाही. मी जातो म्हणून त्या पोरीला शब्द बदलावा लागतो. दर भाऊबीजेला मी त्या घरी ओवाळून घ्यायला बसतो, आणि त्या घरातला पाहुणा मी आहे.

सोमवार, २७ जानेवारी

आज मी मैदान गाजवलं.

सौमित्र स्टुडिओत आला होता. मी आधी धंद्याचा मुद्दा काढला. मूळ शब्दात ओठ दोनदा मिटतात, म-मा. 'मावशी'त एकदाच मिटतात, मग शीच्या वेळी पात्राचं तोंड बंद आणि आवाज चालू, म्हणजे पाणमांजर पोटातून बोलल्यासारखं दिसतं. तेव्हा 'मम्मा' ठेवू. सौमित्रने मान डोलावली, पण म्हणाला, दादा, रिलेटेबल नाही होणार. आपल्याकडे अशी घरं कुठे असतात.

माझा तोल गेला. म्हटलं, "माझ्या बहिणीचं आहे. इथून वीस मिनिटांवर, बाळकुमला. आणि तुझ्या बुडबुडला जी आवाज देते ना, ती त्याच घरातली पोरगी आहे."

सौमित्रचं तोंड उघडं राहिलं, ओठ एकदाही मिटले नाहीत. रॉड्नीने खाली मान घातली, बहुधा भारावून. सौमित्र म्हणाला, वरती बोलतो.

घरी येताना छाती पुढे काढून चाललो. बहिणीसाठी एवढं कोणता भाऊ करेल? उत्तराला रविवारी सगळं एकदम सांगेन. क्षिप्रालाही. आधी चॅनलचा होकार येऊ दे, मग सरप्राइज देऊ.

गुरुवार, ३० जानेवारी

चॅनलचं उत्तर आलं. माझ्याकडे नाही आलं. क्षिप्राकडे गेलं.

सौमित्रने मायाची पालक म्हणून तिला फोन केला. फार सुंदर बोलला असणार, तो बोलतो. म्हणाला, तुमची स्टोरी ऐकून आमची टीम हलली. महिला दिनाला एक रील करू, तुम्ही दोघी आणि माया, घरातच शूट करू, नॅचरल लाइटमध्ये. मालिकेत मात्र मावशीच राहील, ते पॉलिसीचं आहे.

म्हणजे पाणमांजरांना जे चालत नाही ते माझ्या बहिणीने आठ मार्चला जगासमोर करून दाखवायचं.

मग क्षिप्राचा मला फोन. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तिच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये होती, मागे कोणाच्या तरी खांद्याचे व्यायाम चाललेले, आणि ती खालच्या आवाजात बोलत होती. म्हणाली, "तुला कळलं हे तू मला सांगितलं नाहीस, दादा. क्लायंटला सांगितलंस."

मी म्हणालो, मी तुमच्या बाजूनेच. ती म्हणाली, माया उद्यापासून येणार नाही. फोन ठेवला.

उत्तराला सांगितलं. तेव्हा तिने विचारलं, डेल्फिनची शाळा कोणाची आहे माहीत आहे ना? चर्चची. आणि माया कागदावर कोणाची आहे? फक्त क्षिप्राची. लग्न झालेल्यांना दोघांना मिळून मूल घेता येतं, यांना नाही. कोणी बोट दाखवलं की त्या घरात डेल्फिन कोणीच नाही.

हे सगळं मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं काय, तर ओठ किती वेळा मिटतात.

रविवार, २ फेब्रुवारी

बाळकुम. क्षिप्रा मायाला घेऊन बाहेर गेली होती, मी येतोय हे कळल्यावर. दार डेल्फिनने उघडलं. आत ये म्हणाली, पण नेहमीसारखं दादा म्हणाली नाही.

मी माफी मागायला सुरुवात केली. वाक्य आधी लिहून पाठ केलेलं, चांगलं होतं. तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, ते राहू दे, ऐक. गेल्या वर्षी मायाला डेंगी झाला तेव्हा क्षिप्रा परगावी होती. वॉर्डातल्या सिस्टरने विचारलं तुम्ही कोण. मावशी म्हटलं आणि आत सोडलं. शाळेत पालकसभेला मावशी. सोसायटीत मावशी. माझ्या आईकडे नाताळला तर मी मायाची टीचर असते.

"चांगला शब्द आहे मावशी," ती म्हणाली. "बाहेर सगळे दरवाजे उघडतो. फक्त तो घरात घ्यायचा नाही, एवढंच आम्ही ठरवलं होतं. तू तो तिच्या तोंडी बिळात घातलास."

मी विचारलं, आता काय करू. मला वाटलं म्हणेल, काही करू नकोस. ती गणिताची बाई. उत्तर तयार होतं.

"जा आणि सांग की तू खोटं बोललास."

मी म्हटलं, पण ते खरं आहे.

"म्हणून तर," ती म्हणाली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सांगितलं.

सौमित्र आणि त्याची वरची बाई, दोघांसमोर, रॉड्नीच्याच खोलीत. म्हटलं, माझ्या बहिणीचं तसं काही नाही. ती एकटी पालक आहे, डेल्फिन तिची घरमालकीण. वाद जिंकायचा होता म्हणून मी बनवून सांगितलं. शब्द पटापट आले. शेवटी चौदा वर्षं मी स्वतःलाच हे सांगत होतो, तालीम झालेली होती.

सौमित्रचा चेहरा पडला. त्याला खरंच वाईट वाटलं, हे मान्य केलं पाहिजे. म्हणाला, दादा, हे फार चीप आहे. लोकांची खरी स्ट्रगल असते, तुम्ही ती असं वापरता? वरच्या बाईने फक्त माझं नाव कुठेतरी टिपून घेतलं. नंतर निरोप आला. वेळ कमी असल्यामुळे काम मीच पूर्ण करायचं, पण श्रेयनामावलीत नाव येणार नाही. संवाद, मराठी टीम. आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर माझं नाव येणार होतं, तेही पाणमांजराखाली. गेलं.

सगळे गेल्यावर रॉड्नी वायर गुंडाळत म्हणाला, "एवढं चांगलं खोटं बोलतोस माहीत नव्हतं." मग थोड्या वेळाने, "माझी बहीण ॲनेट असती ना आज, तिला आवडला असतास तू." ॲनेट त्याची मोठी बहीण, फार पूर्वी घर सोडून गेली एवढंच मला माहीत होतं. का गेली ते मी कधी विचारलं नव्हतं. आजही विचारलं नाही. मी बाजूला बसून राहिलो, वायरचं दुसरं टोक धरून.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दहा दिवस घासतोय. सगळे भाग पुन्हा लिहिले आणि त्यांतून मावशी काढली. मम्मा घालता येत नाही, मावशी घालायची नाही. मग घालायचं काय? उत्तर आमच्याच स्वयंपाकघरात होतं. उत्तरा गेली कित्येक वर्षं मला एकदाही नावाने हाक न मारता घर चालवतेय. ए, अरे, ऐकलं का, इकडे बघ. मराठीत माणसाला काहीही न म्हणता त्याचं सगळं म्हणता येतं.

आता बुडबुड पहिलीला आई म्हणते आणि दुसरीला 'ए' म्हणते, 'अगं' म्हणते, 'बघ ना गं' म्हणते. दुबईचे काका मी संपवले. पाठमोरी मासे निवडताना ती आता फक्त म्हणते, "काटे काढून देते, थांब." सौमित्रला सांगितलं ओठांसाठी केलंय. त्याने चार ठिकाणी ओठ तपासले, जुळत होते. त्याला फक्त दुसरीला 'आई' म्हटलेलं नको होतं, आणि ते नव्हतं. पास.

कागद घेऊन बाळकुमला गेलो. क्षिप्राने दार उघडलं. दारातच उभी राहून वाचायला लागली, मीही दारातच. मग कधीतरी ती वाचत वाचत आत गेली आणि दार उघडं राहिलं, म्हणून मी गेलो. डेल्फिनने एका पानावर बोट ठेवून सांगितलं, इथे 'ए' नको, रडताना मूल 'ए' म्हणत नाही. बरोबर होतं. बदललं.

माया म्हणाली, "मग ही तिची कोण आहे?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मला माहितेय."

"मग झालं. आवाज तुझा आहे."

क्षिप्रा सोमवारी पाठवते म्हणाली. चहा दिला. माझ्याशी अजून ती बँकेतल्या माणसाशी बोलावं तशी बोलते.

मंगळवार, ४ मार्च

सातव्या भागात बुडबुड पुरात वाहून जाते आणि दुसरी आई तिला ओढून काढते. तिथे मी लिहिलंय नुसतं "अगं, सोडू नकोस." मायाने ते असं म्हटलं की रॉड्नीने दुसरा टेक घेतलाच नाही. बाहेर डेल्फिन वह्या तपासत बसलेली, दाराला फोम, तिला काही ऐकू गेलं नाही. मी तिला बोलावून ऐकवलं. तिने हेडफोन कानावर दाबून धरले, आणि नंतर बराच वेळ काढलेच नाहीत, टेप संपली तरी.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. सणाच्या जेवणाला आम्हा दोघांना बाळकुमचं बोलावणं, इतक्या वर्षांत ईस्टरला पहिल्यांदा. उत्तराने हळदीकुंकवाची साडी क्षिप्राला नेसायला फोनवरून सांगितलं होतं आणि दोघींनी नेसलेल्या. एकसारख्या साड्यांत त्या एखाद्या शाळेच्या स्वागत समितीसारख्या दिसत होत्या. तसं मी म्हणालो. क्षिप्रा हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

सकाळी पहिला भाग लागला होता, तो आम्ही सगळ्यांनी पुन्हा पाहिला. 'संवाद, मराठी टीम' असं आलं तेव्हा मायाने टाळ्या वाजवल्या, तिला वाटतं टीम हे माझंच आडनाव आहे.

जेवताना तिने पाण्याचा पेला सांडला, आणि सवयीने, कोणाकडेही न बघता म्हणाली, "मम्मा, फडकं." टेबल एकदम थांबलं. मायालाही कळलं, तिने माझ्याकडे पाहिलं. मी भातावर कालवण घेतलं. क्षिप्राने फडकं पुढे केलं, डेल्फिनने पुसलं. उत्तरा म्हणाली, कालवण फक्कड झालंय, कृती दे. नंतर मी हात धुवायला गेलो तो जरा जास्तच वेळ नळ सोडून उभा राहिलो.

शनिवार, २६ एप्रिल

आमच्या बिल्डिंगमधली पोरं सुट्टीमुळे खालीच असतात. आज पार्किंगमध्ये पाणमांजर खेळत होती. दोन पोरी भांडत होत्या. एक म्हणत होती मी मोठी आई, दुसरी म्हणत होती नेहमी तूच मोठी आई, आज मी, तू छोटी आई हो. तिसरं पोर बुडबुड होऊन स्कूटरखाली वाहून जाण्याची वाट बघत ताटकळलेलं.

मी जिन्यात उभाच राहिलो. मालिकेत 'छोटी आई' कुठेही नाही. मी लिहिलेलं नाही, सौमित्रने ठेवू दिलं नसतं. पोरांनी ते बघून घेतलं.

तळमजल्यावरच्या सगुणाताई भाजी निवडत दारात बसल्या होत्या. भांडणाऱ्यांतली एक त्यांची नात. त्यांनी मला हाक मारली. तुम्हीच लिहिता ना हो ते, त्या म्हणाल्या, उत्तराताईंनी सांगितलं. मग त्या मांजराला दोन आया कशा?

डोक्यात तीन उत्तरं आली. ओठांचं, मूळ लेखकाचं, आणि खरं. खरं मला सांगायचं नव्हतं, ते माझं नाहीच. पण मावशी आहे हो ती, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तेही म्हणवेना.

शेवटी म्हटलं, "आहेत दोन. चालतं ना?"

सगुणाताईंनी मेथीची जुडी झटकली, थोडा विचार केला.

"चालायला काय," त्या म्हणाल्या. "पण दोघी मिळून जेव जेव करत असतील. पोराने सुटायचं कुठून?"